लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला? भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात ही सवय महागात का पडते

भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. तुमसर असो वा पवनी, लाईट कधी जाईल या धास्तीनं लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच जोडलेला राहतो. पण नेमकी हीच सवय बॅटरी खराब करते.

कारण काय?
लिथियम-आयन बॅटरीचे दोन शत्रू आहेत: उष्णता आणि कायम १०० टक्के चार्ज. दोन्ही एकत्र आले की आतली रासायनिक झीज वेगानं होते. 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या संकेतस्थळाच्या अंदाजानुसार, पूर्ण चार्ज बॅटरी ४० अंश तापमानात वर्षभर ठेवली तर तिची क्षमता ६५ टक्क्यांवर येते. तीच ४० टक्के चार्ज करून ठेवली, तर ८५ टक्के क्षमता टिकते.

मग काय करायचं?
- सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची चार्जिंग मर्यादा असेल तर ती सुरू करा.
- लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर ठेवा. उन्हात उभ्या गाडीत तर ठेवूच नका.
- बॅटरी फुगली तर वापर लगेच थांबवा. ती कचऱ्यात टाकू नका. २०२२च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे.

नाहीतर ज्या लाईटच्या भीतीनं चार्जिंग सुरू ठेवलं, ती गेल्यावरच बॅटरी दगा देईल.