त्वचारोपणानंतरची शुश्रूषा


त्वचारोपण झाले की जळीत रुग्ण सुटला, असा आपल्या लेखाचा सूर आहे. जळीत कक्षात काम करणाऱ्या परिचारिकेला तो पटणार नाही. लावलेल्या त्वचेखाली रक्त किंवा पाणी साचले की ती उचलली जाते. म्हणून पहिले पाच-सहा दिवस त्वचा लावलेला हात हलू द्यायचा नाही, कडा काळी पडतेय का पाहायचे. आणि मांडीवरची त्वचा काढलेली जागा! रुग्ण बहुतेकदा तिथल्या वेदनेने कळवळतो, नातेवाईक मात्र भाजलेल्या हाताकडेच पाहतात. चिकटलेली पट्टी आधी वेदनाशामक देऊन, सलाइनने भिजवूनच सोडवायची. घाईत ओढली तर नवी त्वचाही निघून येते. रात्रपाळीला एकीवर अख्खा कक्ष सोपवून हे होत नाही. लेखात याबद्दल एक ओळ तरी हवी होती.
– एक परिचारिका, मुंबई