रिक्वायरमेंट्स कुणाच्या?

आमच्या धंद्यातलं एक जुनं दुखणं आहे. सॉफ्टवेअर वापरणार कारकून आणि रिक्वायरमेंट्स सांगणार त्याचा साहेब. मग सहा महिने खपून जे बनतं ते साहेबाला पसंत पडतं आणि कारकुनाला एक दिवस वापरवत नाही.

कॅन्सरच्या पेशंटचं आपल्या घरांत नेमकं हेच होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. फाईल घेऊन डॉक्टरांसमोर बसतो मुलगा नाहीतर जावई. पहिलं वाक्य, "बाबांना काही सांगू नका हं." मग पुढची केमो, सेकंड ओपिनियन, अमेरिकेतल्या आतेभावाने कळवलेलं नवीन औषध.. सगळं ठरतं. ज्याचं शरीर आहे तो बाहेर बाकावर!

आणि एक दिवस ऐकू येतं, "आता करण्यासारखं काही राहिलं नाही." हे वाक्य चक्क खोटं आहे. गाठीवरचे उपाय संपले असतील. पण दुखणं, धाप, मळमळ, तोंड येणं, रात्र रात्र जागणं, भीती.. या प्रत्येकावर करण्यासारखं भरपूर असतं. तेच काम करणारी शाखा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर.

सिसिली सॉन्डर्स आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्यांचं म्हणणं असं की वेदना एकट्या शरीराची नसते. पोखरलेलं हाड, डोक्यावरचं कर्ज, "पोरांना माझं ओझं झालं" आणि "माझ्याच वाट्याला का?" हे सगळं मिळून एक दुखणं. गोळी त्यातल्या एकाच भागापर्यंत पोचते. बाकीच्यासाठी कुणीतरी शेजारी बसून ऐकावं लागतं.

'पॅलिएटिव्ह म्हणजे हात टेकले' असं वाटणाऱ्यांसाठी एक आकडा. २०१० साली बोस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेले १५१ पेशंट. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर दिली. त्यांचे दिवस बरे गेले, नैराश्य कमी राहिलं, शेवटी शेवटी आक्रमक उपचारही कमी जणांना झाले. तरी त्यांचं मध्यक आयुष्य ११.६ महिने भरलं, इतरांचं ८.९. एका अभ्यासावरून सगळ्या कॅन्सरचा निकाल लागत नाही, मान्य. पण हे शेवटच्या आठवड्यात आठवायचं प्रकरण नव्हे, एवढं कळायला तो पुरेसा आहे.

मॉर्फीनची गोष्ट तर आणखी अजब. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने आपल्याच पेशंटला मॉर्फीन मिळणं मुश्किल झालं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, परवान्यांचा जाच कमी झाला. मनातली गाठ मात्र तशीच! "सवय लागेल हो.." अहो, जाणकार डॉक्टरने मापात, घड्याळ लावून दिलेल्या मॉर्फीनने कॅन्सरच्या पेशंटला व्यसन लागणं दुर्मिळ. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतं. काळजीच करायची तर त्याची करा.

मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. पुण्यात वारज्याला सिपलाचं केंद्र १९९७ पासून आहे आणि तिथे सेवा मोफत आहे. तेव्हा निदान झालं की पहिल्याच महिन्यात डॉक्टरांना विचारा, "पॅलिएटिव्हवाल्यांना कधी भेटू?"

आणि पेशंटलाही विचारा. सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? तुम्हाला किती माहिती हवी आहे? काय करायचं राहिलंय? "मला काही सांगू नका, तुम्हीच बघा" असं उत्तर आलं तर तेही पाळा. पण ते त्यांचं उत्तर असू द्या, आपण परस्पर दिलेलं नको.

आपल्यापैकी बरेच जण घरापासून लांब नोकऱ्या करतो. पैसे पाठवतो, रोज फोन करून "रिपोर्ट काय आला?" विचारतो. उद्या त्याऐवजी "रात्री झोप लागली का?" विचारून बघा. आणि त्यासाठी फोन बाबांकडेच द्यायला सांगा.