चाकरमान्याची वाट पाहू नका



शिमग्याला आणि गणपतीला मुंबईहून कोकणात गावी येणाऱ्याला तिकडे चाकरमानी म्हणतात. या दोन सणांच्या जोडीला आता गावी जाण्याचं तिसरं कारण आलं आहे, ते म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांचं आजारपण. माझ्या पिढीतले, पन्नाशी ओलांडलेले कितीतरी जण हल्ली गावी जातात ते रिपोर्टची फाईल बघायलाच. मीही गेल्या वर्षी असाच वेंगुर्ल्याला गेलो. काकांना पक्षाघात झाला होता. तेव्हापासून एक मत पक्कं झालं आहे, ते आज मांडतो.

आजारी माणसाबद्दलचा पहिला निर्णय गावात हजर असलेल्या माणसाने घ्यायचा असतो. तो मुंबई-पुण्याच्या मुलासाठी किंवा पुतण्यासाठी थांबवायचा नसतो. तो मुलगा डॉक्टर असला तरीही.

त्या सकाळी काय झालं

काका सकाळी सहाला उठले तेव्हा ठीक होते. पावणेसातला चहा पिताना तोंड एका बाजूला ओढलं गेलं, कप हातातून निसटला आणि शब्द जड झाले. काकीचा मला फोन आला. आजूबाजूची मंडळी जमली होती. कुणी म्हणालं "वारं गेलं", कुणी तेल चोळायला सांगितलं, कुणी कबुतराचं रक्त सुचवलं. आणि बहुतेकांचं म्हणणं एकच होतं, "डॉक्टर येवंदे, मगे बघूया."

या वाक्यामागे प्रेम आहे, माझ्यावरचा विश्वासही आहे. पण मुंबई ते वेंगुर्ला अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीची गाडी पकडून कुडाळला उतरून घरी पोहोचायचं, म्हणजे दुसऱ्या दिवसाची सकाळ. मी काकीला एवढंच सांगितलं, "माझी वाट बघू नकोस. जिथे सीटी स्कॅन होतो तिथे आत्ता घेऊन जा. मी वाटेत फोनवर आहे." शेजारच्या मुलाने गाडी काढली. तीन तासांच्या आत स्कॅन झाला आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं. आज काका काठी घेऊन बंदरापर्यंत जातात. बोलणं थोडं सावकाश झालं आहे, पण समजतं.

त्याच वाडीतल्या आणखी एका गृहस्थांची गोष्ट मला तिथे कळली. लक्षणं तीच. घरच्यांनी मुलगा येईपर्यंत थांबायचं ठरवलं. मुलगा रात्रभर प्रवास करून आला. त्यांचा उजवा हात आजही उचलत नाही. लवकर गेल्याने प्रत्येक जण बरा होतोच असं नाही. पण उशीर झाला की बरं होण्याची संधीच हातची जाते.

घड्याळ इतकं महत्त्वाचं का?

पक्षाघात हा हातापायाचा नव्हे, मेंदूचा आजार आहे. बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, काही वेळा रक्तवाहिनी फुटते. मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळीवरचं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. हे तास रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून झोपेतून उठल्यावर त्रास दिसला, तर रात्री झोपताना तो कसा होता हे डॉक्टरांना सांगा. काही निवडक रुग्णांत मोठी गुठळी तारेने काढता येते आणि ते २४ तासांपर्यंतही शक्य असतं. त्यामुळे "आता उशीर झालाच आहे" म्हणून घरी बसू नका.

गुठळी आहे की रक्तस्राव, हे बाहेरून बघून मलाही सांगता येत नाही. त्यासाठी सीटी स्कॅनच लागतो. म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नका. ब्लडप्रेशर वाढलेलं दिसलं तरी जिभेखाली गोळी ठेवू नका. पाणी, चहा, पेज काहीही पाजू नका, गिळता न आल्यास ते फुप्फुसात जातं. मधुमेह असेल तर साखर तपासून घ्या, कारण साखर खूप कमी झाली तरी अशीच लक्षणं दिसू शकतात.

मग आपण दूरच्यांनी काय करायचं?

आपलं काम आजारपणाच्या आधीचं आहे. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा या गोष्टी ठरवून या:

१. सीटी स्कॅनची सोय असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो? सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाकडच्या लोकांना अनेकदा गोव्यातलं बांबोळी जवळ पडतं. जिल्हा किंवा राज्याची हद्द बघू नका, वेळ बघा.

२. गाडी कोण काढणार? दोन नावं आणि दोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. शेजारी १०८ लिहा.

३. तोंड वाकडं होणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं. या तीन खुणा घरातल्या लहान मुलांनाही शिकवा.

४. काकी, मामी, वहिनी, जी घरात असेल तिला स्पष्ट सांगा: "निर्णय तू घे. पैशांचं मी बघतो. कुणी तुला दोष देणार नाही." अनेक बायका घाबरून थांबतात ते आजाराला नव्हे, नंतरच्या बोलण्याला.

५. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पाकिटं मोजा. "बरं वाटतंय" म्हणून बंद केलेली गोळी हे पक्षाघाताचं अगदी नेहमीचं कारण आहे. जेवणातलं मीठही बघा. पेजेबरोबरचं लोणचं, खारवलेला बांगडा, पापड हे सगळं रोजच्या ताटात असेल तर प्रेशर आटोक्यात राहणं कठीण.

आणि मुंबईला नेण्याचा आग्रह

गावी पोहोचल्यावर आपल्याला वाटतं, चला, यांना मुंबईला नेऊ. शस्त्रक्रिया किंवा तिकडे नसलेली तपासणी हवी असेल तर जरूर न्या. पण प्रकृती स्थिर झाल्यावर गरज असते ती रोजच्या फिजिओथेरपीची. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. हे दिवस चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, अनोळखी माणसांत घालवायचे की स्वतःच्या पडवीत? काकांशी दिवसातून दहा माणसं येता-जाता बोलायची आणि त्यांना उत्तर द्यावंच लागायचं. जीभ सैल व्हायला त्याची फार मदत झाली असं मला वाटतं. गावात किंवा तालुक्याला चांगला फिजिओथेरपिस्ट मिळत असेल, तर माझं मत गावाच्या बाजूने आहे.

लांब राहून आपण पैसे पाठवतो, औषधं पाठवतो. त्याबरोबर निर्णयाचा अधिकारही पाठवून द्या.