पद्मिनीची टकटक

गतवर्षी श्रावणात आमच्या रत्नागिरीच्या घरी एक लहानसा तंटा उद्भवला. आमचे थोरले बंधू आप्पा यांची प्रीमियर पद्मिनी चालू केली म्हणजे बॉनेटखालून शिवणयंत्राप्रमाणे टकटक ऐकू येई. नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आलेली. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी मोटारीस तो सोपस्कार दर पाच वर्षांनी करावा लागतो. तेव्हा इंजिनात पैसा ओतण्यापेक्षा गाडी भंगारात द्यावी, असे पुतण्यांचे मत पडले. आप्पा काही बोलले नाहीत. परंतु नव्या गाड्यांच्या खोल बैठकीतून मातुःश्रींस उठवत नाही आणि देवदर्शनास त्या या एकाच गाडीतून जाऊ शकतात, हे घरात सर्वांस ठाऊक होते.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून जी फियाट 1100 निघू लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. 1089 घन सेंटिमीटरचे हे इंजिन मोठे सरळ स्वभावाचे आहे. चार नळकांडी, वर आठ झडपा. झडपा हालविणारा कॅमशाफ्ट मात्र खाली ब्लॉकमध्ये. त्याची हालचाल लांब दांड्यांवाटे वर पोहोचते आणि तेथे रॉकर नावाचा छोटा तराफा झडपेच्या शेंड्यावर दाब देतो. तापल्यावर लोखंड वाढते, म्हणून रॉकर व झडप यांच्यामध्ये केसासारखी फट मुद्दाम ठेविलेली असते. या फटीमुळे थोडी टकटक व्हायचीच.

आम्ही ज्या कारागिराकडे प्रथम गेलो, त्याने फटीचे माप न घेता केवळ कानाने ठरवून, टकटक थांबेतो सर्व स्क्रू आवळले. अर्ध्या तासात गाडी गोगलगायीसारखी मुकी झाली. सर्वांनी त्याची वाहवा केली. आम्हीही केली, हे येथे कबूल केले पाहिजे. पुढच्याच आठवड्यात कोल्हापुरास जाताना साखरप्याच्या पुढे आंबा घाट लागला आणि गाडीचा जीव गेला. कार्ब्युरेटर फुत्कारू लागला, सायलेन्सरमध्ये फटाके वाजू लागले, पहिल्या गिअरातही वळण निघेना. मातुःश्री मागे बसल्या होत्या. त्यांनी जप सोडून "अरे, तिला परत ने," एवढेच सांगितले. परतलो.

घडले ते असे. धूर बाहेर सोडणारी झडप चालत्या इंजिनात लालबुंद होते. ती आपल्या बैठकीवर घट्ट टेकलेली असते तेवढ्याच क्षणात आपली बरीचशी उष्णता हेडला देऊन टाकते. फट मुळीच उरली नाही तर तापून लांबलेली झडप पूर्ण मिटत नाही, ज्वाळा कडेने निसटते आणि कड जळते. आवाज मात्र नाहीसा होतो! खुळखुळणारी झडप महिनोन्‌महिने चालते. आवळलेली एका घाटात जाते.

घरी आल्यावर प्लग काढून नळकांड्यांतील दाब मोजला. तिसऱ्याचा फारच कमी भरला. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल घालून पुन्हा मोजला, तरी वाढेना. तेलाने दाब वाढता तर दोष पिस्टनच्या रिंगांचा ठरला असता. न वाढल्याने तो झडपेचा ठरला. हेड उतरविले तो झडपेची कड उंदराने कुरतडलेल्या पापडासारखी दिसली. नवी झडप घातली, बैठक घासून घेतली. दांड्या ज्या जागेच्या त्याच जागी परत गेल्या पाहिजेत, म्हणून धाकट्या पुतणीने पुठ्ठ्यास आठ भोके पाडून आकडे घातले आणि एकेक दांडी त्यांत ओळीने खोचली. याच पुतण्यांनी गाडी भंगारात काढली होती, हे आप्पांनी त्या दिवशी बोलून दाखविले नाही.

फट लावावयाची रीत सोपी आहे. प्लग काढावे, म्हणजे इंजिन हलके फिरते. मग सपाट जागी गाडी वरच्या गिअरात घालून हळू ढकलावी. चौथ्या नळकांड्याची एक झडप मिटत असून दुसरी उघडू लागली, की त्या क्षणी पहिल्याच्या दोन्ही झडपांची फट पाहावी. चौथ्याची पाहावयाची तेव्हा खूण पहिल्याची, तसेच दुसऱ्या-तिसऱ्याचे. जोडीची बेरीज पाच लक्षात ठेविली की पुरे. माप गाडीच्या पुस्तकातलेच घ्यावे, आणि ते इंजिन थंड असताना घ्यावे की गरम, हेही त्यातच पाहावे. लॉकनट आवळताना फट हटकून सरकते. तेव्हा आवळल्यावर पुन्हा मोजावी.

एवढे करूनही आमची टकटक परत आली! मिनिटास 800 फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक झडप 400 वेळाच आपटते. त्यामुळे तिचा ठेका इंजिनाच्या निम्मा आणि हलका असतो. बेअरिंगचा आवाज जड, ओझ्याखाली वाढणारा. थंडपणी मोठा आणि तापल्यावर विरणारा आवाज बहुधा एक्झॉस्टच्या गॅस्केटमधून निसटणाऱ्या वायूचा. आमचा ठेका झडपेचाच होता. लांब लाकडी काठीचे एक टोक हेडवर व दुसरे कानापाशी धरून आप्पांनी तो दुसऱ्या नळकांड्याकडे असल्याचे ओळखले. (चालत्या इंजिनाजवळ पदर, उपरणे, सैल बाही नको; पंखा क्षमा करीत नाही.) मग फीलर गेजची पाती एकेका फटीत सरकविली, एकीत शिरताच टकटक थांबली. फट तर मापात! रॉकर काढून पाहिला तेव्हा त्याच्या तोंडास वर्षानुवर्षांच्या आघाताने खळगा पडलेला. सपाट पाती खळग्यावरून पुलासारखी जाई. खरी फट तिच्याखाली, कितीतरी मोठी.

खळगा पडावयास आमचा पावसाळाही थोडा कारण झाला असावा. चार महिने गाडी मारुती मंदिर ते मांडवी एवढीच धावते. तेल पुरते तापत नाही, त्यात दमट हवेचे पाणी मिसळून झाकणाखाली लोण्यासारखा पिवळट थर धरतो. असला चिखल रॉकरच्या पोकळ शाफ्टातील तेलाची भोके बुजवितो. आमची दोन भोके बंदच होती. शाफ्ट धुऊन तारेने साफ केला, नवा रॉकर बसविला, तेल बदलले.

आता किंचित टकटक आहे, ती आम्ही ठेविली आहे. नूतनीकरण झाले. दिवाळीत आंबा घाट दुसऱ्या गिअरात चढला. मातुःश्रींनी त्या वेळी जप सोडला नाही.