आधी जॅकेट, मग आइस्क्रीम

हल्ली आमच्या नाशिकच्या भिशीतही मुंबई-गोवा क्रूझचा विषय निघतो. जहाजावर पाय ठेवला, की मुलं धावतात पोहण्याच्या तलावाकडे, बाबा फोटो काढत सुटतात आणि आई बॅगा सांभाळत बसते. मैत्रिणींनो, माझं ऐकाल तर बॅगा राहू द्या. आधी मुलांना घेऊन ‘मस्टर स्टेशन’ बघून या. म्हणजे संकटात सगळ्यांनी जमायची जागा. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचंच मागून घ्या. मोठ्यांचं जॅकेट पाण्यात लहानग्याच्या डोक्यावरून निसटू शकतं. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोका, हे त्यांना खेळता खेळता शिकवा.

‘निघतानाच कशाला गं अपशकुन?’ असं कुणीतरी म्हणतंच. पण १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून कलंडलं, ३२ जण दगावले. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षेची कवायत व्हायचीच होती. तेव्हा त्यासाठी २४ तासांची मुभा असे. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती घ्यावी लागते. आपण मात्र ती कंटाळत उरकतो!

इटली दूर राहिली. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून एलिफंटाला निघालेल्या बोटीच्या अपघातात आपल्या नाशिक जिल्ह्यातली माणसंही गेली.

गोदाकाठच्या गर्दीत आपण लेकराचा हात घट्ट धरतो. समुद्रात नुसता हात पुरत नाही. पहिली पंधरा मिनिटं एवढं कराच. आइस्क्रीम काही पळून जात नाही!