श्वास मोजल्याशिवाय ‘सुरक्षित’ म्हणू नका

ऑपरेशन थिएटरमध्ये रुग्णाच्या प्रत्येक श्वासावर माझी नजर असते. किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय, हे पडद्यावर सतत दिसतं. रात्री तोच रुग्ण वॉर्डात असतो. तीसेक खाटांमागे एक सिस्टर, आणि रुग्णाच्या अंगात अफूच्या कुळातलं वेदनाशामक, म्हणजे ओपिऑइड. मी मिरज-सांगली भागात वर्षानुवर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. मोठ्या ऑपरेशननंतर द्यायचं कोणतंही नवं ओपिऑइड सुरक्षित आहे की नाही, याची परीक्षा या रात्रीच्या वॉर्डात, तिथल्याच रुग्णांवर लक्ष ठेवून व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. आज ती बहुतेक वेळा तिथे होत नाही.

औषध कंपनीचे प्रतिनिधी गुळगुळीत कागदावरचे आलेख पुढे करतात आणि म्हणतात, “मॅडम, ताकद मॉर्फिनची, पण श्वासाला सेफ.” या वाक्याचा उत्तरार्ध कशावर उभा आहे, हे मी प्रत्येकाला विचारते.

ओलिसेरिडिन या नव्या ओपिऑइडचंच पाहा. मॉर्फिन पेशीवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं, तिथून दोन वाटांनी संदेश आत जातो. एका वाटेनं वेदना शमते आणि दुसरीनं, म्हणजे बीटा-अरेस्टिन या प्रथिनामार्फत, श्वास मंदावतो, अशी कल्पना होती. हे प्रथिन नसलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांनी ती कल्पना रुजवली. मग फक्त पहिली वाट उघडणारं औषध शोधायचं ठरलं. कल्पना सुंदर होती, आणि तिच्यामागे लागणाऱ्या शास्त्रज्ञांबद्दल मला आदरच आहे. पण 2020 मध्ये तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी तोच उंदरांचा प्रयोग करून पाहिला, तेव्हा प्रथिन नसतानाही मॉर्फिननं श्वास तितकाच मंदावला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं ओलिसेरिडिनला मान्यता दिली.

त्याआधी 2018 च्या ऑक्टोबरमध्ये एफडीएच्याच सल्लागार समितीनं 8 विरुद्ध 7 मतांनी मान्यतेच्या विरोधात कौल दिला होता. मान्यता मिळाली तीही दिवसाला 27 मिलिग्रॅमच्या मर्यादेसह, आणि श्वास मंदावण्याचा ठळक इशारा लेबलावर ठेवून. मॉर्फिनवरचा इशाराच या नव्या औषधावरही आला.

चाचण्या कोणावर झाल्या, हे पाहिलं की बरंच कळतं. मॉर्फिनशी तुलना करणाऱ्या दोन मुख्य चाचण्या होत्या. एकीत पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी वाढलेल्या हाडाचं ऑपरेशन होतं, दुसरीत पोटावरची सुटलेली कातडी आणि चरबी काढण्याचं. दोन्हींत बहुतांश स्त्रिया, त्याही मध्यमवयीन आणि तब्येतीनं ठीक. वेदना शमवण्याची ताकद मोजायला अशी ऑपरेशनं सोयीची असतात, हे मला मान्य आहे. वेदना ठरावीक वेळी सुरू होते आणि रुग्ण एकसारखे मिळतात. शिवाय 768 रुग्णांची एक मोठी सुरक्षा-चाचणी झाली. तिच्यात वयस्कर आणि स्थूल रुग्णही होते, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. तुलनाच नसेल, तर “मॉर्फिनपेक्षा सुरक्षित” हे कोण ठरवणार?

आता वॉर्डातला धोका कोणाला असतो ते पाहा. ‘प्रॉडिजी’ नावाचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका, युरोप आणि आशियातल्या रुग्णालयांत, साध्या वॉर्डात ओपिऑइड घेणाऱ्या 1,335 रुग्णांचा श्वास यंत्रानं सलग नोंदवला होता. त्यातल्या 46 टक्के रुग्णांत श्वास धोकादायक मंदावल्याचा एकतरी प्रसंग सापडला. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा: वय साठ किंवा जास्त, पुरुष असणं, पूर्वी ओपिऑइड न घेतलेलं असणं, झोपेत श्वास अडकण्याचा विकार आणि हृदय कमजोर असणं. हे वर्णन वाचताना मला आमच्याकडे आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनला येणारा सत्तरीचा शेतकरी दिसतो. अंगठ्याच्या हाडाच्या चाचणीत तो कुठेच नाही.

हा धोका दिसत कसा नाही, हेही वाचकांनी समजून घ्यायला हवं, कारण रात्री खाटेशेजारी तेच बसलेले असतात. ओपिऑइडमुळे मेंदूची कार्बन डायऑक्साइडबद्दलची जाणीव बोथट होते. श्वास विरळ आणि उथळ होतो, वायू साठतो, त्यानं आणखी गुंगी येते. नाकाला ऑक्सिजनची नळी असेल, तर बोटावरचा ऑक्सिमीटर बराच वेळ 97-98 दाखवत राहतो. आकडा चांगला दिसतो आणि रुग्ण बुडत असतो. त्यात नातेवाईक समाधानानं सांगतात, “आता कुठं शांत झोपलेत बघा, घोरतायत.” ओपिऑइडवरचं नवं, जड घोरणं हे शांत झोपेचं लक्षण समजू नका. सिस्टरला बोलवा, रुग्णाला हाक मारून जागं करा. आणि वॉर्डातला कागद? त्यावर श्वसनाचा दर रात्रभर 18, 18, 18 असा लिहिलेला मी किती ठिकाणी पाहिला आहे. मी सिस्टरला दोष देत नाही. तीस माणसांचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे तर तिला दुसरं काही करताच येणार नाही. पण अशा कागदांवरून कुणी नव्या औषधाची सुरक्षितता काढणार असेल, तर तो आकडा मी मानणार नाही.

या कुळातल्या औषधांचा इतिहासही विसरता येत नाही. 1898 मध्ये हेरॉइन खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आलं. पेथिडिन 1939 मध्ये आलं. त्याचा शरीरात साठणारा अंश, विशेषतः मूत्रपिंड थकलेल्यांना, झटके आणू शकतो हे कळायला पुढची कित्येक वर्षं गेली. ट्रॅमाडॉल जर्मनीत 1977 पासून मिळत होतं, सौम्य म्हणूनच नावाजलेलं. टॉन्सिल काढल्यानंतर अठरा वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये, कारण काहींच्या शरीरात त्याचं जोरकस रूप फार वेगानं तयार होऊन श्वास थांबू शकतो, हे एफडीएनं सांगितलं 2017 मध्ये. मधली चाळीस वर्षं ते वापरात होतंच. भारतात 2018 मध्ये ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आलं, तेही गैरवापर वाढल्यावर.

म्हणून वेदना सोसायची का? मुळीच नाही. पोट किंवा छाती उघडलेल्या रुग्णाला वेदनेमुळे खोकता येत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो, उठवत नाही म्हणून पायात रक्ताच्या गाठी होतात. आपल्या देशात अफूची कायदेशीर शेती होते, तरी कागदपत्रांच्या भीतीनं कित्येक लहान रुग्णालयं मॉर्फिन ठेवतच नाहीत. त्याऐवजी फेंटानिलची पट्टी चिकटवली जाते. ही पट्टी ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी नाहीच, असं तिच्या लेबलावर स्पष्ट लिहिलेलं असतं. काढल्यावरही तिचं औषध कित्येक तास शरीरात राहतं, आणि कुणी मायेनं गरम पाण्याची पिशवी ठेवली तर ते वेगानं आत शिरतं. चांगली नवी औषधं मलाही हवी आहेत. ती नीट पारखलेली हवीत, एवढंच.

भारतात हा प्रश्न आता जास्त निकडीचा झाला आहे. ऑगस्ट 2024 च्या आदेशानं औषध महानियंत्रकांनी काही प्रकारच्या नव्या औषधांना, ती अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा किंवा युरोपीय संघात मान्य असतील तर, इथल्या चाचणीतून सूट देण्याची वाट मोकळी केली. प्रचलित उपचारांपेक्षा मोठी सुधारणा असलेली औषधं त्यात येतात. दुर्मीळ आजाराच्या औषधासाठी ही सूट योग्यच आहे. पण “श्वासाला सेफ” असा दावा घेऊन येणाऱ्या ओपिऑइडला या दारातून आत घेऊ नये. त्याची मॉर्फिनशी थेट तुलना इथल्या वॉर्डांत व्हावी, साठीपुढच्या आणि घोरण्याचा विकार असलेल्या रुग्णांवर, रात्रभर कार्बन डायऑक्साइड मोजून, जवळ नॅलॉक्सोन हा ओपिऑइडवरचा उतारा ठेवून, आणि रुग्णाची समजून-उमजून संमती घेऊन. मान्यतेनंतरही पहिली काही वर्षं प्रत्येक दुष्परिणामाची नोंद सक्तीची असावी.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. कोणत्याही औषधाचा दुष्परिणाम झाला, तर डॉक्टर, सिस्टर किंवा स्वतः रुग्णाचे नातेवाईक तो भारताच्या औषध-दक्षता कार्यक्रमाला 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवू शकतात. कृपया कळवा.