गाडीचं पोट आणि गाण्याचा कान

पंडित भीमसेन जोशी (१९२२-२०११) यांना मोटारींचाही मोठा शौक. मैफलींना ते मैलोन्मैल स्वत: गाडी चालवत जात, आणि तिच्या यंत्राची त्यांना चांगली जाण होती. सुराला तयार झालेला कान गाडीलाही उपयोगी पडतो!

नवरा-बायको दोघंही गाण्याचे शौकीन असतील, तर जीपचा प्रवास रंगतो. पण रस्ता खडकाळ झाला, की गाणी थांबवा. खालून ‘ठण्ण’ आवाज आला, तर उतरून वाकून पाहा. ऑइल चेंबर फुटला, की तेल वाहून जातं. तसंच पुढं गेलात, तर इंजिन जाम होतं आणि खर्च हजारोंच्या घरात जातो.

म्हणून चेंबर, गिअरबॉक्स आणि टाकीखाली जाड पोलादी पत्रा बसवून घ्या. तो नटबोल्टनं सुटणारा असावा. आत अडकलेला चिखल काढता येतो. ओला चिखल गंज आणतो. समुद्रकाठाहून आल्यावर तळ गोड्या पाण्यानं धुवा. अंडरकोटिंगपूर्वी गंज खरवडून काढा; सायलेन्सर आणि ब्रेकवर ते लावू नका.

मग खुशाल गाणी लावा. निवड मात्र आळीपाळीनं!